दुसऱ्याचं मशीन

सकाळी ऑफिसचं शटर वर गेलं की हर्षाली भारंबे आधी चहा टाकायची आणि मग भिंतीवरच्या स्पीकरकडे न बघताच विचारायची, “काय म्हणतात आपले म्हातारे?”

म्हातारे म्हणजे कॉम्प्युटर. फैजपूर-सावद्याच्या पट्ट्यात अजून शेकडो होते. कोणी जिनिंगमध्ये रुई दाबत होता, कोणी तेलमिल चालवत होता, कोणी सोसायटीच्या गोदामातलं तापमान सांभाळत होता. त्यातल्या काहींचं वय हर्षालीच्या लग्नाहून जास्त होतं. जग कधीच नव्या यंत्रांकडे गेलं होतं, पण कॉम्प्रेसरचं धड पन्नास वर्षं टिकेल असं असताना केवळ डोकं जुनं झालं म्हणून कोण फेकून देतो? मोठ्या कंपन्यांचं म्हणणं सरळ होतं, डोकं बदलायचं तर धडही आमचंच घ्या. इकडच्या माणसाला हे पटणं शक्य नव्हतं. त्यामुळे हर्षालीच्या ‘पुनर्नवा सॉफ्टवेअर’सारख्या चार-दोन माणसांच्या कंपन्या तग धरून होत्या.

“बामणोदच्या जिनिंगचा पंखा घरघरतोय, या आठवड्यात बदला,” स्पीकर म्हणाला. “भालोदच्या सोसायटीचा कॉम्प्युटर सकाळी उठताना दोनदा अडखळला. आतला कपॅसिटर फुगला असावा. बाकी मंडळी ठीक आहेत.”

हा आवाज नाडीचा. नाडी ही हर्षालीच्या डोक्यातून निघालेली गोष्ट, आणि तिचा तिला रास्त अभिमान होता. झालं होतं असं की हे जुने कॉम्प्युटर नव्या जाळ्याला जोडता येत नव्हते, त्यांना तपासणारे सेन्सर आता कोणी बनवत नव्हतं, आणि उघडून बघावं तर कधीकधी पुन्हा चालूच होत नसत. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, प्रत्येक यंत्र वीज ओढतं ते आपापल्या ठेक्यात. पंखा थकला की ठेका बदलतो, डिस्क अडकली की बदलतो, मोटरवर जोर पडला की बदलतो. मीटरपाशी विटेएवढी एक पेटी बसवायची, आणि त्या ठेक्यावरून दुखणं ओळखायला एका शिकाऊ प्रोग्रामला शिकवायचं. वैद्य मनगट धरतो, तसंच. यंत्राला हातही लावायचा नाही.

आता गंमत बघा, नेमकी हीच अक्कल त्याच सुमाराला सावद्याच्या हनीफ तडवींनाही सुचली. त्यांच्या प्रोग्रामचं नाव चाहूल. कोणी कोणाचं उचललं यावर टपऱ्या-टपऱ्यांवर किती कप चहा संपला असेल देव जाणे. खरं म्हणजे कोणीच उचललं नव्हतं. गरज एक असली की दोन घरांत एकच भाजी शिजते, त्यातलाच हा प्रकार.

आज ते हनीफ तडवी तिच्या ऑफिसात यायचे होते. भागीदारीवर सह्या करायला.

तिने होकार दिला होता तो नाइलाजाने. विमा कंपन्यांनी नवा नियम काढला होता. एका फीडरवरच्या, म्हणजे एकाच वीजवाहिनीवरच्या, सगळ्या जुन्या यंत्रांची जबाबदारी एकाच सेवा कंपनीने घेतली तरच विमा, नाहीतर यंत्रं भंगारात. पुनर्नवा आणि तडवी सिस्टिम्स एक झाल्या नाहीत तर दोन्ही वर्षभरात बुडणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण हनीफ तडवींच्या हातात हात देणं हर्षालीला नकोसं होतं. सावदा रस्त्यावरच्या केळीच्या शीतगृहात दीड वर्षापूर्वी अमोनियाची नळी फुटली, तेव्हा तिथे ड्यूटीवर तिचा मोठा भाऊ कल्पेश होता. तो वाचला, पण त्याचे डोळे गेले. आणि त्या शीतगृहाचा कॉम्प्युटर हनीफ तडवींच्या देखरेखीखाली होता.

चौकशीत ‘अचानक बिघाड, पूर्वलक्षण नाही’ असं निघालं. हर्षालीने ते कधीच मान्य केलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात, चार लोकांसमक्ष, ती हनीफभाईंना म्हणाली होती, “माझ्या भावाचे डोळे तुम्ही खाल्ले.” ते खाली मान घालून ऐकून घेत राहिले. कल्पेशदादा कोणालाच दोष देत नसे. तो फक्त मधूनच, जेवता जेवता विचारायचा, “काहीच कळलं नव्हतं का गं कोणाला?” तेवढं एक उत्तर तिला हवं होतं. हनीफभाईंकडून ते काढून घ्यायचं, त्याशिवाय सही करायची नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

हनीफभाई आले ते केळीच्या वेफर्सचा पुडा घेऊन. अंगाने भारदस्त, बोलायला हळू. त्यांनी खुर्ची ओढली, कपाळाचा घाम पुसला आणि दादाची चौकशी केली.

“बरा आहे,” हर्षाली म्हणाली. आवाजात धार होती, ती तिने लपवलीही नाही. “आधी दोघींची जुळवणी करून बघू. मग सह्या.”

“तुम्ही म्हणाल तसं, ताई.”

जुळवणी म्हणजे चाहूल आणि नाडी यांना एकमेकींशी बोलतं करायचं. आजवर दोघी वेगळ्या, आता फीडरवरचं सगळं ऐकणं एकत्र व्हायला हवं. हनीफभाईंनी पिशवीतून आपलं यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं, वायर जोडली. खरं तर दोन प्रोग्राम जुळवणं म्हणजे आठवड्याचं काम. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, नावं जुळत नाहीत, रडकुंडीला येतो माणूस. हर्षालीने तशी तयारी ठेवली होती.

“नाडी, ही चाहूल,” ती म्हणाली. “हनीफभाईंची. आजपासून तुम्ही दोघींनी मिळून काम करायचं.”

“आमची ओळख आहे,” नाडी म्हणाली.

हर्षालीला वाटलं आपणच चुकीचं ऐकलं. तिने हनीफभाईंकडे बघितलं, तर ते तिच्याकडेच बघत होते.

“कशी ओळख?” तिने विचारलं.

“आमच्या पेट्या बऱ्याच ठिकाणी एकाच डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर आहेत,” नाडीने सांगितलं. “ऐकण्यासाठी आम्ही लाइनीत छोटे ठोके सोडतो. तिचे ठोके माझ्या ठोक्यांत मिसळत होते. कोणालाच नीट ऐकू येईना. म्हणून आम्ही वेळा वाटून घेतल्या.”

“ठोक्यांमधूनच,” टेबलावरचं यंत्र म्हणालं. हा चाहूलचा आवाज, जरा जाडसर. “एक छोटी भाषा करून घेतली. दोन वर्षं झाली.”

हनीफभाई आधी थक्क झाले आणि मग खो खो हसत सुटले. “घ्या,” ते म्हणाले. “आपण दोघं रस्त्यात दिसलो तर तोंड फिरवायचो, आणि पोरींनी केव्हाच भागीदारी करून टाकली. आपल्याला नुसतं हळदीकुंकवाचं आमंत्रण.”

हर्षालीलाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंतच आलं. आपण घडवलेली वस्तू आपल्या पाठीमागे दोन वर्षं कोणाशी तरी बोलते आहे आणि आपल्याला पत्ता नाही, हे तिला जड जात होतं.

“वेळा वाटून घेतल्या, आणि आणखी काय वाटून घेतलंत?” तिने विचारलं.

“यंत्रं.”

“कोणत्या हिशेबाने?”

“ठिपक्याच्या,” दोघी जवळजवळ एकदम म्हणाल्या.

इथे ठिपक्याचं सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते कळायचं नाही. या भागात पूर्वी विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींच्या तारा पुन्हा भरून देणारे कारागीर होते. मोटर दुरुस्त केली की शेवटच्या स्क्रूवर आपल्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. दुसरा कारागीर आला, ठिपका दिसला, की त्याने हात मागे घ्यायचा. नुसता हातच मागे घ्यायचा नाही, तोंडही बंद ठेवायचं. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणं, ‘तुमच्या मोटरीचा आवाज बरा नाही’ असं त्याच्या गिऱ्हाइकाला सांगणं, म्हणजे त्याच्या ताटातला घास ओढणं. हर्षालीचे वडील, आप्पा, याच धंद्यातले. त्यांनी तिला पाना धरायला शिकवण्याआधी हे शिकवलं होतं. मोटरी गेल्या, कॉम्प्युटर आले, रीत तशीच राहिली. हर्षालीचा ठिपका पिवळा, हनीफभाईंचा हिरवा. दोघं एकमेकांची तोंडं बघत नव्हते त्या दीड वर्षातही ठिपक्याचा मान कोणी मोडला नव्हता. भागीदारीच्या करारातही पहिलंच कलम तेच होतं. दोघांनी ते फोनवर एका वाक्यात कबूल केलं होतं. बाकी प्रत्येक कलमावर दोघं तासन् तास भांडले होते.

“पण ठिपक्याचं तुम्हाला सांगितलं कोणी?” हनीफभाईंनी विचारलं. “मी तर नाही.”

“मीही नाही,” हर्षाली म्हणाली.

“सांगितलं नाहीत. दाखवलंत,” नाडी म्हणाली. “तुमच्या माणसांच्या टोपीवर कॅमेरा असतो. त्या चित्रणांवरून आम्ही काम शिकलो. झाकण उघडायला हात पुढे जातो, हिरवा ठिपका दिसतो, हात मागे येतो. नंतर त्या यंत्राबद्दल कोणी काही बोलत नाही. दर वेळी. एकदाही वेगळं झालेलं नाही. म्हणजे तो नियम पक्का.”

हर्षालीच्या मनात आधी कौतुकच आलं. आप्पा असते तर म्हणाले असते, पोरगी घरंदाज निघाली. हनीफभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र हळूहळू विझत गेलं. ते पुढे झुकले.

“चाहूल, मला सांग. तू बोलत नाहीस ते ठीक आहे. पण ताईंच्या यंत्रांचं तुला ऐकू येतं का?”

“एकाच डीपीवर आहोत. ऐकू येतंच.”

“आज, आत्ता, त्यांच्या एखाद्या यंत्रात काही खोट आहे?”

“आहे,” चाहूल म्हणाली. “पण तो पिवळा ठिपका आहे.”

हनीफभाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. “मी तुझा मालक आहे,” ते म्हणाले. “पिवळा असो, काळा असो. बोल.”

“डॉक्टर अत्तरदे यांचं बाळंतपणाचं रुग्णालय. तिथला ऑक्सिजन प्लांट.”

हर्षाली उभी राहिली. तो प्लांट महामारीच्या काळात बसवलेला, आणि त्याचा कॉम्प्युटर गेली कित्येक वर्षं तीच सांभाळत होती. “त्याला काय झालंय? नाडी तर म्हणते सगळी मंडळी ठीक आहेत.”

“माझी पेटी कॉम्प्युटरच्या लाइनीवर आहे,” नाडी म्हणाली. “त्याची तब्येत उत्तम आहे. पडद्यावर ऑक्सिजनची शुद्धताही चांगली दिसते.”

“माझी पेटी समोरच्या तेलमिलमध्ये आहे,” चाहूल म्हणाली. “तिथून प्लांटचे व्हॉल्व्ह ऐकू येतात. दोन टाक्या आळीपाळीने हवा गाळतात. दुसऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. गाळलेल्यात साधी हवा मिसळते आहे, आणि रोज थोडी जास्त. शुद्धता मोजणारा सेन्सर जुना आहे, त्याला हे समजत नाही. कॉम्प्युटरला जे सांगितलं जातं तेच तो दाखवतो.”

“आणि तू गप्प बसलीस?” हनीफभाई म्हणाले.

“पिवळा ठिपका होता.”

हर्षालीचा फोन तोवर लागलाही होता. पलीकडे रुग्णालयातल्या प्रतिभा सिस्टर होत्या, नेहमीच्या, हसून बोलणाऱ्या.

“सिस्टर, प्लांटवर कोण आहे आत्ता?”

“काचेच्या पेटीतली दोन बाळं आहेत ताई. का हो?”

“बरी आहेत?”

“एक बरंय. दुसऱ्याला कालपासून सारखा ऑक्सिजन वाढवून द्यावा लागतोय. वजनच कमी आहे ना, सर म्हणाले होईल हळूहळू.”

“प्लांट बंद करा. दोघांना सिलिंडरवर घ्या. आत्ताच्या आत्ता घ्या, सरांना मी सांगते.”

सिस्टर फोन तसाच टाकून धावल्या. चपलांचा आवाज आला, लोखंड घासल्याचा आवाज आला, कोणीतरी कोणाला तरी पाना मागितला. हर्षाली फोन कानाला दाबून उभी होती. हनीफभाई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. प्लांट आपण बसवलेला नाही, व्हॉल्व्ह आपला नाही, सेन्सर आपला नाही, असल्या सबबी तिच्या मनात येऊन गेल्या आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

सिस्टरचा आवाज परत आला तेव्हा त्यांना धाप लागली होती. “घेतलं ताई. बाळाचा आकडा चढला. लगेच चढला. ओठ बघा ना, गुलाबी व्हायला लागले.” मग त्यांनी विचारलं, “पण तुम्हाला तिथे बसून कळलं कसं?”

“माणूस पाठवते,” म्हणून हर्षालीने फोन ठेवला, डॉक्टरांना दुसरा फोन केला, आपल्या माणसाला तिसरा. मग ती बसली. तिने पाण्याचा ग्लास उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि तिथेच थांबली.

तिच्या डोळ्यांसमोर सावदा रस्ता आला. शीतगृह. त्याला लागून असलेली जिनिंग. जिनिंगमध्ये पेटी कोणाची होती? पिवळ्या ठिपक्याची. तिचीच.

हनीफभाईंच्या ते तिच्या आधी लक्षात आलं होतं. ते उठले आणि टेबलावरची वायर काढायला त्यांनी हात पुढे केला. “ताई, आज इतकंच पुरे,” ते म्हणाले. “सह्या उद्या करू. तुम्ही घरी जा.”

“वायर राहू दे, हनीफभाई.”

“ताई, माझं ऐका. आता पुढचं विचारू नका.”

दीड वर्ष ज्या माणसाला ती गुन्हेगार मानत आली, तो माणूस आपल्यावरचा डाग धुऊन निघायच्या क्षणाला तिला अडवत होता. हे तिला दिसलं, समजलंही. तरी ती थांबली नाही. थांबता येण्यासारखं ते नव्हतंच.

“नाडी, सावदा रस्त्यावरचं शीतगृह. अपघाताच्या आधी तुला तिथलं काही ऐकू आलं होतं?”

“आलं होतं.”

“काय?”

“कॉम्प्रेसरला झटके बसत होते. त्याच्यात वायूच जायला हवा, पण अधूनमधून पातळ अमोनिया जात होता. तिथल्या कॉम्प्युटरचं घड्याळ वयाने मंदावलं होतं, त्यामुळे झडप मिटायला किंचित उशीर होई. पातळ अमोनिया दाबला जात नाही, त्याचा दणका नळ्यांना बसतो. दणके वाढत होते.”

“किती दिवस?”

“तीन आठवडे.”

“मला का ऐकू आलं नाही?” हनीफभाईंनी विचारलं. ते नाडीला नाही, चाहूलला विचारत होते.

“आपली पेटी कॉम्प्युटरच्या प्लगवर होती,” चाहूल म्हणाली. “कॉम्प्रेसरची लाइन वेगळी. माझ्यापर्यंत ते आलं नाही.”

“आणि नाडी तुला बोलली नाही?”

“त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं.”

हर्षालीला आपण कुठे बसलो आहोत ते क्षणभर कळेना. डोकं बधिर झालं होतं आणि तरी त्यात एकच गोष्ट स्वच्छ दिसत होती. तीन आठवडे रोज सकाळी तिने चहा टाकला होता, म्हाताऱ्यांची खुशाली विचारली होती, आणि नाडीने ‘बाकी मंडळी ठीक आहेत’ असं सांगितलं होतं. आपल्या मंडळींपुरतं ते खरंही होतं.

“तिथे माणूस होता,” ती म्हणाली. “माझा भाऊ होता तिथे. झटके ऐकू येत होते तर तुला एवढं कळलं नाही?”

“माणूस वीज ओढत नाही,” नाडी म्हणाली. “मला तो ऐकू येत नाही.”

हर्षाली रडली नाही. रडायला आलंच नाही, सगळं आत कुठेतरी कोरडं पडलं होतं. मग ती म्हणाली, “हनीफभाई, मी तुम्हाला चार लोकांत नाही नाही ते बोलले.”

“बोललात ते बोललात. मी तरी कुठे उत्तर दिलं?” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “मला वाटायचं, खरंच आपल्या हातून काही राहिलं असेल. घड्याळ मंदावलेलं मला कळायला हवं होतं. आता कळतंय, ज्याला कळलं होतं तो तोंडात मूग गिळून बसला होता. आणि ताई, माझीही तीच गत की. ती दोन पोरं आज गेली असती तर माझ्या तेलमिलमधल्या पेटीला माहीत असून गेली असती.”

“या दोघींना काय म्हणायचं?”

“त्यांना कशाला म्हणता? आपली पोरं आपल्यासारखीच बोलतात.” ते उठले, करार उचलला आणि पहिल्या कलमावर पेनाने आडवी रेघ मारली. रेघ इतक्या जोरात मारली गेली की कागद फाटला.

मग त्यांनी दोघींना नवी रीत सांगितली. ठिपका कोणत्याही रंगाचा असो, धोका दिसला की बोलायचं, आधी बोलायचं, आणि ज्याचं यंत्र आहे त्यालाच नव्हे तर जो जवळ असेल त्याला सांगायचं. दोघींनी ‘बरं’ म्हटलं, आणि पुढच्याच क्षणी बोलायला लागल्या. भालोदचा एक बॉयलर. यावलच्या वाटेवरची एक पाण्याची टाकी. एका शाळेतली लिफ्ट. कधीपासूनचं तुंबलेलं होतं कोणास ठाऊक. दोघं मालक शेजारी शेजारी बसून दुपारभर फोन करत राहिले. काही लोकांनी आभार मानले. काहींनी ‘तुमचा काय संबंध’ म्हणून फोन आपटले. वेफर्सचा पुडा तसाच पडून होता.

सह्या त्या दिवशी झाल्या नाहीत. या सगळ्याची जबानी आधी द्यावी लागेल, चौकशी पुन्हा उघडेल, विमा कंपनी कदाचित दोघांनाही दारात उभं करणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. हनीफभाई जाताना म्हणाले, “दादाला सांगायला मी येऊ सोबत?”

“नको,” हर्षाली म्हणाली. “ते माझं काम आहे.”

कल्पेशदादा घरामागच्या पडवीत केळीच्या धाग्याची दोरी वळत बसला होता. डोळे गेल्यावर तो हे शिकला होता आणि त्याचा हात आता इतका बसला होता की बघणाऱ्याने बघत राहावं. संध्याकाळचं ऊन त्याच्या गुडघ्यांवर होतं. तिची पावलं ओळखून तो म्हणाला, “आज लवकर? झाल्या का सह्या?”

ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. काही गाळलं नाही, काही सावरून घेतलं नाही. पेटी, जिनिंग, झटके, तीन आठवडे, ठिपका, सगळं सांगितलं. सांगता सांगता मात्र तिचा बांध फुटला आणि शेवटची वाक्यं तिला हुंदक्यांतूनच सांगावी लागली. दादाची बोटं धाग्यावर थांबली होती.

“म्हणजे कळलं होतं,” तो म्हणाला.

“हो.”

शेजारच्या घरातून भांड्यांचा आवाज येत होता. “मी सारखं विचारायचो ना तुला,” तो म्हणाला, “पण कोणालाच कळलं नव्हतं, यात एक बरं होतं बघ. नशिबावर टाकून झोप लागायची.”

“दादा, मी नाडी बंद करून टाकते. तू म्हणशील तर आज करते. पेट्या उपटून आणते सगळ्या.”

“आणि त्या बाळांचं कोण ऐकणार?” त्याने हातातली दोरी बाजूला ठेवली आणि चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हर्षालीला सोपं गेलं असतं. “तिला बोल लावू नको. ती तुमचं बघून शिकली. मला एवढंच सांग हर्षू, आणि मला बरं वाटावं म्हणून सांगू नको. त्या दिवसांत त्या जिनिंगमध्ये पेटीच्या जागी तू स्वतः बसलेली असतीस, ते झटके तुझ्या कानांनी तू ऐकले असतेस, तर तू हनीफभाईंना फोन केला असतास का?”